तळ्याकाठचे दोघे

४ जून १९३८. व्हिएन्नाच्या पश्चिम रेल्वेस्थानकावरून ओरिएंट एक्स्प्रेस सुटायच्या बेतात होती. ऑस्ट्रिया नाझींच्या घशात जाऊन तीन महिने होत आले होते. चार वर्षांचे असताना ज्या शहरात आले, ते शहर सोडून मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड ८२व्या वर्षी लंडनला निघाले होते. जबड्याच्या कर्करोगानं पोखरलेला देह, बरोबर बायको आणि मुलगी. निरोपाला आलेल्या मोजक्या माणसांत हाइन्त्स कोहुट नावाचा पंचवीस वर्षांचा वैद्यकीचा विद्यार्थी होता. फ्रॉइडशी त्याची ओळखदेख नव्हती. ते आज जाणार एवढं कळलं म्हणून तो आला होता. गाडी हलली तशी त्यानं डोक्यावरची हॅट उचलली. खिडकीतल्या म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि आपली टोपी उचलली.

एवढंच घडलं. पण पुढे शिकागोत नामवंत मनोविश्लेषक झालेले कोहुट हा प्रसंग आयुष्यभर सांगत राहिले. त्यांच्या विचाराचा गाभा याच प्रसंगात आहे असं मला वाटतं. माणसाला जगायला अन्न-पाणी लागतं, तसंच आपल्याला कुणीतरी पाहिलं, ओळखलं हेही लागतं. ते वेळेवर मिळालं नाही तर तो ते आयुष्यभर वेड्यावाकड्या वाटांनी वसूल करू बघतो. अशा माणसाला आज आपण सर्रास ‘नार्सिसिस्ट’ म्हणून मोकळे होतो.

मराठीत त्याला आत्मरत किंवा आत्ममग्न म्हणतात. (‘स्वमग्न’ मात्र नाही, तो शब्द ऑटिझमसाठी रुळला आहे आणि त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.) हे सगळे शब्द एकच चित्र उभं करतात: स्वतःच्या प्रेमात आकंठ बुडालेला माणूस. मनोविश्लेषणाचा शंभर वर्षांचा अभ्यास सांगतो की हे चित्र अर्धंच आहे. उरलेल्या अर्ध्यात एकटेपणा आहे.

गोष्ट नीट ऐकली तर

ज्या गोष्टीवरून हा शब्द आला ती रोमन कवी ओविडनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सांगितली. नार्सिसस हा देखणा तरुण. त्याच्या जन्मावेळी एका अंध भविष्यवेत्त्यानं सांगितलं होतं की याला दीर्घायुष्य आहे, पण यानं स्वतःला ओळखलं नाही तरच. पुढे तळ्यात वाकून बघताना तो पाण्यातल्या रूपावर भाळला आणि तिथंच झुरून संपला. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं.

दोन तपशील मात्र सांगताना गळतात. पहिला असा की, पाण्यात दिसतो तो आपणच आहोत हे नार्सिससला सुरुवातीला कळलेलंच नसतं. पाण्यात कुणी दुसरा आहे असं समजून तो त्याच्याशी बोलतो, त्याला धरायला हात घालतो. आपल्याला कुणीतरी भेटलं असं त्याला वाटलेलं असतं. तिथं कुणी नाही हे उमगतं तेव्हा तो खचतो. दुसरा तपशील म्हणजे इको ही वनदेवता. शापामुळे तिला स्वतःहून बोलता येत नाही. समोरच्याचे शेवटचे शब्द तेवढे उच्चारता येतात. ती नार्सिससवर जीव टाकते, तो झिडकारतो, आणि झिजत झिजत तिचा नुसता आवाज उरतो. तो मरताना जे उद्गार काढतो तेच तिच्या तोंडून परत येतात.

म्हणजे तळ्याकाठी दोघं आहेत. एकाला समोर दुसरं कुणी दिसत नाही, आणि दुसरीला स्वतःचा शब्द नाही. आत्मरत माणसाच्या घरात डोकावलं तर ही जोडी बहुधा सापडते.

दाढदुखी आणि अमीबा

वैद्यकात हा शब्द शिरला तो लैंगिक विकृतीचं नाव म्हणून. १८९८ मध्ये हॅवलॉक एलिसनी नार्सिससचा दाखला दिला, पुढच्या वर्षी पॉल नेकेंनी त्याचा ‘इझम’ केला. १९१४ साली फ्रॉइडनी या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि तो शब्द विकृतीच्या कपाटातून काढून सगळ्यांच्या घरात आणून ठेवला. त्यांचं म्हणणं असं की आत्मरती ही प्रत्येकाची पहिली पायरी असते. तान्हं बाळ म्हणजे घरातले राजेसाहेबच: सगळं जग आपल्यासाठी आहे असं त्याला वाटतं आणि आईबापही तसंच वागतात. मग हळूहळू त्या मायेचा ओघ दुसऱ्यांकडे वळतो.

यासाठी त्यांनी अमीबाची उपमा वापरली. हा एकपेशी जीव आपल्या शरीराचे हात करून बाहेर पसरतो आणि गरज पडली की आत ओढून घेतो. माणसाचं प्रेमही तसंच बाहेर जातं, परत येतं. दाढ ठणकायला लागली की हे लगेच पटतं. त्या रात्री ना बायकोचं बोलणं कानात शिरतं, ना देशाची काळजी उरते; सगळं विश्व त्या एका दाढेत येऊन बसतं. कारण दुखरा माणूस आपली सगळी माया स्वतःकडे ओढून घेतो. आत्मरत माणसाचंही आत काहीतरी ठणकत असेल का, हा प्रश्न इथूनच सुचायला हवा होता. पण फ्रॉइड त्या दिशेला फारसे गेले नाहीत. ज्यांची माया पूर्ण आत वळली आहे ते उपचारकाशी नातंच जोडू शकत नाहीत, म्हणून मनोविश्लेषणाचा त्यांना उपयोग नाही, असं त्यांचं मत होतं. हे दार पुढची कितीतरी वर्षं बंदच राहिलं.

‘मी म्हणाले तेवढंच म्हणा’

ते उघडायला कोहुटना एका रुग्णानं भाग पाडलं. आपल्या लिखाणात त्यांनी तिला मिस एफ म्हटलं आहे. पंचविशीतली ही बाई कोचावर पडून बोलत राही. कोहुट गप्प राहिले की ती भडके. तिनं जे सांगितलं तेच त्यांनी थोडक्यात परत सांगितलं की शांत होई. पण त्यापुढे एक पाऊल जरी टाकलं, आपल्या पदरचा थोडासा अर्थ जरी जोडला, तरी तिचा आवाज चढे: तुम्ही माझं सगळं केलेलं मातीत घालताय!

एवढ्या अनुभवी विश्लेषकाला हा अपमान वाटला. पठडीतल्या शिक्षणानुसार ही टाळाटाळ होती, हट्ट होता. तासन् तास दुसऱ्याच्या बोलण्याचा प्रतिध्वनी होऊन बसायचं, याचा त्यांना कंटाळाही आला. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की ही बाई त्यांच्याशी नातं जोडत नाही असं नाही. हेच तिचं नातं आहे. लहानपणी ती शाळेतून येऊन मोठ्या उत्साहानं काही सांगायला जाई, तेव्हा खिन्न स्वभावाची तिची आई बोलणं आपल्याकडे, आपल्या दुखण्याकडे वळवून टाकी. पोरीचा शब्द हवेतच राही. आता पंचविशीत ती तो शब्द परत मागत होती, एका लहान मुलीच्या पद्धतीनं.

कोहुटनी या नात्याला आरशाची उपमा दिली. त्यांच्या मते लहान मुलाला दोन गोष्टी लागतात. त्याला बघून कुणाचे तरी डोळे चमकले पाहिजेत, आणि ज्याच्या बळावर निर्धास्त व्हावं असं मोठं माणूसही त्याच्याजवळ असलं पाहिजे. पुढे यात त्यांनी तिसरी गोष्ट घातली, ती म्हणजे आपल्यासारखाच आणखी कुणीतरी आहे ही भावना. या गरजा पुरेशा भागल्या तर बाळाचा राजेपणा मुरत मुरत साध्या आत्मविश्वासात उतरतो. नाही भागल्या तर तो तसाच कच्चा राहतो, आणि चाळिशीतला माणूस टाळ्यांसाठी चार वर्षांच्या पोरासारखा आसुसतो. १९७१ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकानं अमेरिकेतल्या मनोविश्लेषणाचे दोन तट पाडले.

शोकेससमोरचा वाद

दुसऱ्या तटावर ओटो कर्नबर्ग होते. कोहुटसारखेच तेही व्हिएन्नाचे, तेही ज्यू. लहानपणी, १९३९ साली, कुटुंबासह पळून चिलीत गेले आणि पुढे अमेरिकेत आले. दोघांमधला वाद समजून घ्यायला एक काल्पनिक घर डोळ्यांपुढे आणू.

मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक साहेब आहेत. बैठकीच्या खोलीत काचेचं शोकेस, त्यात स्मृतिचिन्हं ओळीनं मांडलेली. पाहुणा आला की शोकेसची प्रदक्षिणा ठरलेली. त्यानं मध्येच आपल्या मुलीच्या बारावीचं काढलं की साहेबांची नजर घड्याळाकडे जाते. घरातली माणसं योग्य त्या ठिकाणी हसतात, योग्य त्या ठिकाणी ‘हो ना’ म्हणतात. एखाद्या सत्कारात त्यांचं नाव घ्यायचं राहून गेलं तर आठवडाभर घर धुमसत राहतं. हल्ली फोन फारसा वाजत नाही. संध्याकाळी दिवा न लावताच साहेब बराच वेळ बसून असतात.

कोहुट म्हणतील: हे वाढ खुंटलेलं रोप आहे. आधी त्याच्या जागी जाऊन बघा, तुटेल इतकं ओढू नका, खुंटलेली वाढ पुन्हा सुरू होईल. कर्नबर्ग म्हणतील: इथं वाढ थांबलेली नाही, ती वेडीवाकडी झाली आहे. हा भव्य ‘मी’ म्हणजे एक तटबंदी आहे. तिच्याआड भुकेलेला, संतापलेला, दुसऱ्याच्या सुखानं जळणारा जीव दडलेला आहे. कुणावर अवलंबून राहायचं म्हणजे त्याला काहीतरी देण्याची ताकद आहे हे मान्य करायचं, आणि मत्सरापोटी नेमकं तेच सहन होत नाही. म्हणून हा माणूस इतरांना आधी डोक्यावर घेतो, कामापुरतं पिळतो आणि मग तुच्छ ठरवतो. नुसती समजूत काढत बसलात तर तटबंदी आणखी जाड होईल. ती त्याला दाखवायला हवी. वय झालं, सत्ता गेली की ही तटबंदी ढासळते आणि आतली पोकळी उघडी पडते, हेही कर्नबर्गनी नोंदवलं आहे.

दोघांचे रुग्ण वेगळे होते, म्हणून निदानं वेगळी झाली असं अनेक अभ्यासक मानतात. कोहुटकडे बहुधा नोकरी-धंदा नीट करणारी माणसं येत; कर्नबर्गनी कॅन्ससमधल्या मेनिंगर क्लिनिकमध्ये रुग्णालयात ठेवावे लागणारे बिकट रुग्ण पाहिले होते. पण एका गोष्टीवर दोघांचंही एकमत होतं: या माणसाजवळ स्वतःवरचं प्रेम जास्त नाही, कमी आहे. ज्याला स्वतःविषयी खात्री असते त्याला शोकेस रोज पुसावं लागत नाही.

तीन माणसं, एक भीती

आत्मरत व्यक्तिमत्त्व विकाराला अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० साली पहिल्यांदा जागा मिळाली, ती मुख्यतः याच वादविवादामुळे. आज त्या पुस्तिकेत नऊ लक्षणं दिली आहेत आणि त्यांतली किमान पाच हवीत. शिवाय ती तरुणपणापासून, घरी-दारी सगळीकडे दिसायला हवीत आणि त्यांनी जगण्याचं नुकसान करायला हवं. साहेबांचा मीपणा बोचतो एवढ्यानं निदान होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं तर २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात व्यक्तिमत्त्व विकारांच्या बहुतेक चिठ्ठ्या, आत्मरतीची धरून, काढूनच टाकल्या. आता विकार किती तीव्र आहे आणि स्वभावाचा कल कुठे आहे एवढंच नोंदवतात. ‘बॉर्डरलाइन’ची खूण तेवढी ठेवली आहे.

या चिठ्ठ्या बाजूला ठेवून मनोविश्लेषकांच्या नजरेनं पाहिलं तर वेगवेगळे विकार एकाच भीतीला दिलेली वेगवेगळी उत्तरं वाटू लागतात. बॉर्डरलाइन माणूस टाकून दिलं जाण्याच्या धसक्यानं समोरच्याला कवटाळतो, आणि फोन उचलायला दहा मिनिटं उशीर झाला की त्याच माणसाला शत्रू ठरवतो. स्किझॉइड माणूस घुम्यासारखा दूर राहतो. त्याला कुणी नकोच असतं, असं आपण समजतो. एडिंबराच्या रोनाल्ड फेअरबेर्ननी १९४०च्या सुमारास वेगळं सांगितलं: आपल्या प्रेमानंच समोरच्याचं वाटोळं होईल अशी खोल भीती त्याला दूर ठेवते. आणि आत्मरत माणूस? मला कुणाची गरज नाही, इतरांनाच माझी आहे, असं ठरवून तो प्रश्नच मिटवून टाकतो. तिघांनीही एकटेपणावर इलाज शोधलेला असतो आणि तोच इलाज त्यांना आणखी एकटं करतो.

वर केलेला अंगठा

गंमत अशी की खुद्द एकटेपणावर मनोविश्लेषकांनी फार उशिरा लिहिलं. अमेरिकेत मेरीलँडमधल्या चेस्टनट लॉज या रुग्णालयात फ्रीडा फ्रॉम-राइखमान काम करत. जर्मनीतून परागंदा झालेल्या या बाई भल्याभल्यांनी आशा सोडलेल्या रुग्णांशी तासन् तास बसून बोलत. आयुष्याच्या अखेरीस त्यांना स्वतःला ऐकू येणं कमी होत गेलं होतं. एकटेपणावरचा त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १९५९ मध्ये छापून आला. त्यात एका तरुण मुलीची हकिगत आहे. ती बोलत नव्हती, हलत नव्हती. तुला काय होतंय असं विचारल्यावर तिनं हात वर केला. चार बोटं तळव्यात मिटलेली, अंगठा तेवढा उभा. फ्रीडाबाईंनी विचारलं, इतकी एकटी? त्यासरशी मुलीचा चेहरा सैल पडला, मिटलेली बोटं उघडली. मग ती बोटांच्या खुणांनी स्वतःबद्दल सांगू लागली.

खरा एकटेपणा इतका भयंकर असतो की त्यातून गेलेली माणसं त्याबद्दल बोलत नाहीत, बाहेर पडल्यावर आठवतही नाहीत, आणि डॉक्टरही विचारायला कचरतात, असं त्या लिहितात. त्याच सुमारास लंडनच्या मेलनी क्लाइन यांनी आपल्या अखेरच्या निबंधांपैकी एक याच विषयावर लिहिला. चार मित्रांत बसलेलं असतानाही जाणवतो त्या एकटेपणाबद्दल त्या बोलत होत्या. तान्हेपणी आई न बोलता सगळं ओळखायची, तसं कुणीतरी आपल्याला ओळखावं ही हाव कधी सुटत नाही आणि कधी पुरीही होत नाही. म्हणून थोडा एकटेपणा प्रत्येकाच्या वाट्याला राहतोच.

‘आई!’ – ‘हं.’

यावरचा सगळ्यात साधा आणि खोल विचार एका बालरोगतज्ज्ञानं मांडला. लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन रुग्णालयात डॉनल्ड विनिकॉट यांनी चाळीस वर्षं हजारो आया आणि मुलं पाहिली. १९५८ मध्ये छापलेल्या लेखात त्यांनी एक कोडं घातलं: एकटं राहता येणं ही ताकद माणूस कुणाच्या तरी सोबतीतच शिकतो.

आपल्या घरातलंच दृश्य घ्या. आई ओट्याशी आहे, कुकरच्या शिट्ट्या होताहेत. तीन वर्षांची पोर बैठकीत जमिनीवर बसून डब्यांची झाकणं एकात एक घालतेय, स्वतःशीच पुटपुटतेय. मध्येच ती हाक मारते, ‘आई!’ आतून उत्तर येतं, ‘हं.’ पोर काही मागत नाही; पुन्हा झाकणांत बुडून जाते. त्या ‘हं’वर तिची अर्धी दुपार निघते. कालांतरानं तो ‘हं’ आत मुरतो आणि मग आई घरात नसतानाही ती एकटी राहू शकते. मराठीत आपल्याकडे एकटेपणा आणि एकांत असे दोन शब्द आहेत. विनिकॉटच्या हिशेबानं एकांत म्हणजे ज्यात तो ‘हं’ मुरलेला आहे असा एकटेपणा.

१९६७ मध्ये त्यांनी आरशाचीही गोष्ट केली. बाळाचा पहिला आरसा म्हणजे आईचा चेहरा; तिच्याकडे बघताना त्याला स्वतःच दिसतो. पण आई खचलेली, हरवलेली असेल तर बाळाला नुसता तिचा चेहरा दिसतो, आणि बाहेर पडण्यापूर्वी आभाळाचा रंग बघावा तसं ते तिच्या मुद्रेचा अंदाज घेत वाढतं. अशी मुलं पुढे इको होतात. कुणी नार्सिससही होतं.

सगळा दोष आईवर, असा याचा अर्थ कुणी काढील. मनोविश्लेषणानं पूर्वी हा अन्याय भरपूर केला आहे. खुद्द विनिकॉटना मात्र परिपूर्ण आई नको होती. बऱ्यापैकी जमवणारी पुरे, असं ते म्हणत. स्वभावात उपजत भागही मोठा असतो, हे आजचं संशोधन सांगतं.

भरल्या घरात

हे सगळं विलायतेतलं, आपल्याकडे भरल्या घरात कुठला एकटेपणा, असंही वाटेल. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. अहमदाबादेत एरिक एरिक्सन यांच्या सहवासात ते या वाटेला लागले, फ्रँकफर्टला शिकले, दिल्लीत रुग्ण तपासले आणि अखेरची वर्षं गोव्यात काढली. २०२४ मध्ये ते गेले. १९७८ मधल्या ‘द इनर वर्ल्ड’ या पुस्तकात त्यांनी दाखवलं की भारतीय मुलगा पहिली काही वर्षं आईच्या अंगाखांद्यावर राजासारखा वाढतो आणि मग एकाएकी पुरुषांच्या शिस्तीच्या जगात ढकलला जातो. त्या कोसळण्याची जखम तो पुढे बाळगतो, आणि ती बुजवणारा कुणी थोर गुरू शोधत राहतो.

अमेरिकन विश्लेषक ॲलन रोलंड यांनी भारतीयांशी बोलून १९८८ मध्ये आणखी एक गोष्ट नोंदवली: इथला ‘मी’ बराचसा ‘आम्ही’ असतो. मराठी कानाला हे लगेच पटावं. ‘मी थोर’ म्हणायला आपण लाजतो, पण ‘आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही’ हे बिनदिक्कत म्हणतो. साहेबांचं शोकेस तसं घराण्याचंही असतं, आणि ते पुसायला मुलांना बसवलेलं असतं. त्या घरात माणसं असतात, बोलणंही चालू असतं; पण ते बरेचदा पडसादच असतात.

म्हणून नार्सिसिस्ट ही शिवी देताना जरा थांबावं. अशा माणसासोबत राहणाऱ्याचे हाल होतात ते खरेच असतात. समजून घेणं म्हणजे सोसत राहणं नव्हे, आणि छळ होत असेल तर दूर होणंच शहाणपणाचं. तो माणूस उपचारालाही सहसा आत्मरतीसाठी येत नाही. बायको सोडून गेली, नोकरी गेली, झोप उडाली, म्हणून येतो. बरेच जण मध्येच निघूनही जातात. जे टिकतात त्यांचं काम वर्षानुवर्षं चालतं.

कोहुट मिस एफचं बोलणं तिला परत सांगत राहिले. दिसायला ते इकोचंच काम होतं. फरक एवढाच की इकोला दुसरं काही बोलता येत नव्हतं. कोहुटना येत होतं, आणि या बाईला आत्ता हेच का हवंय हे ओळखून ते थांबले होते. ओट्याशी उभ्या आईलाही ‘हं’पेक्षा जास्त बोलता येतंच. व्हिएन्नाच्या फलाटावर तर एकानं हॅट उचलली आणि दुसऱ्यानं टोपी. वरवर पाहिलं तर नुसती नक्कल. पण पाण्यातलं रूप आपल्याआधी कधी टोपी उचलत नाही, आणि उचललीच नाही असंही त्याला करता येत नाही. खिडकीतल्या म्हाताऱ्याला तसं करता आलं असतं. त्यानं ते केलं नाही, हे तो पोरगा त्रेचाळीस वर्षं, मरेपर्यंत विसरला नाही.